दोन मिनिटांची साक्ष

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, घरात बंदूक कशी ठेवायची याबद्दलच्या विधेयकावर मी साक्ष दिली. तिच्या पहिल्या मसुद्यात अकराशे शब्द होते. प्रत्यक्षात बोलले दोनशे चाळीस. मधले साडेआठशे कुठे गेले, कुणी काढायला लावले आणि त्यातले कुठले गेले तेच बरं झालं, हे सांगायला बसलेय. अमेरिकेत व्हिसावर असलेल्या, एखाद्या कायद्याच्या सुनावणीत बोलायचं मनात असलेल्या, पण 'आपल्याला हे चालतं का?' याच प्रश्नाशी अडलेल्या कुणाला तरी उपयोग होईल. मी स्वतः त्या प्रश्नाशी चार वर्षं अडून बसले होते.

मी मूळची बार्शीची. एमबीबीएस सोलापूरच्या वैशंपायन कॉलेजातून. इंटर्नशिपमध्ये सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत उसाच्या ट्रॉलीखाली आलेले पाय पाहिले, कोयत्याचे वार पाहिले, बैलाच्या शिंगानं फाटलेलं पोट पाहिलं. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसच्या, रजिस्टरची पानंच्या पानं भरली. त्यात बंदुकीची गोळी लागलेला माणूस एकही नव्हता. पहिला पाहिला तो इथे, जुलै २००९ मध्ये, इंटर्न म्हणून तिसऱ्याच रात्री. सीनियरनं विचारलं, 'इंडियात किती केल्यास?' मी म्हटलं, 'शून्य.' तिला वाटलं मी विनय दाखवतेय.

त्याआधी यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षा, व्हिसा, मुलाखतींसाठीचे प्रवास यांत तीन वर्षं आणि साडेपाच लाख रुपये गेले होते. पैसे वडिलांनी पीएफमधून काढले. सर्जरीत परदेशी पदवीवाल्यांना पहिल्या फटक्यात पाच वर्षांची पूर्ण जागा क्वचितच मिळते. मलाही मिळाली ती 'प्रिलिमिनरी', म्हणजे वर्षभर राबायचं आणि पुढची हमी काही नाही. (अशी जागा घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: गेल्या वर्षीचे प्रिलिम आज कुठे आहेत? उत्तर द्यायला वेळ लागला, तर समजून घ्या.) ते एक वर्ष, मग दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून पाच वर्षं जनरल सर्जरी, मग एक वर्ष सर्जिकल क्रिटिकल केअरची फेलोशिप. डॉक्टरांना जे-वन व्हिसा जास्तीत जास्त सात वर्षं मिळतो. माझी सात वर्षं आणि माझं शिक्षण एकाच उन्हाळ्यात संपलं. नंतर कॉनराड वेव्हरची, म्हणजे जे-वननंतर मायदेशी परतण्याची अट माफ होण्याच्या बदल्यात करायच्या कामाची, तीन वर्षं, डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या एका लहान गावात. २०१९ मध्ये मेरीलँडमधल्या बाल्टिमोरला आले. या वाटेबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, त्यामुळे इथे थांबत नाही.

बाल्टिमोर हे ट्रॉमावाल्यांचं, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्यांचं, पंढरपूरच म्हणायचं. 'गोल्डन अवर', म्हणजे जखमीला पहिल्या तासाभरात उपचार मिळायला हवेत, ही कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते आर. ॲडम्स काउली इथलेच. गोळी लागून बरा झालेला तरुण वर्षभरात पुन्हा गोळी लागून येतो, हे पाहून कार्नेल कूपर या सर्जननी शॉक ट्रॉमा सेंटरमध्ये १९९८ साली पेशंट वॉर्डात असतानाच त्याच्या नोकरीची, घराची, भांडणाची चौकशी करणारा कार्यक्रम सुरू केला, तोही इथेच. आणि २०१५ पासून २०२२ पर्यंत या शहरात दरवर्षी तीनशेच्या वर खून झाले. आमच्याकडे काम कमी पडलं असं कधी झालं नाही.

ते काम कसं असतं, ते थोडं जवळून सांगते, कारण पुढे साक्षीत मला त्याचाच आधार झाला.

गोळीचा पेशंट आला की आम्ही भोकं मोजतो. कपडे कापताना कपड्यावरच्या भोकातून कात्री न्यायची नाही, तो पुरावा असतो. कपडे कागदी पिशवीत घालायचे, प्लास्टिकच्या नाही, प्लास्टिकमध्ये ओलं रक्त कुजतं. मग पेशंटला कुशीवर वळवून पाठ, काखा, जांघा, केसांच्या आतली कातडी, सगळीकडे बोटं फिरवायची. सापडलेल्या प्रत्येक भोकावर टेपनं एक पेपरक्लिप चिकटवायची. हीच आपली ऑफिसातली, कागदाला लावायची. एक्स-रेमध्ये ती पांढरी दिसते, आणि आत कुठे गोळी दिसली तर तिचा रस्ता लक्षात येतो. भोकं आणि आत राहिलेल्या गोळ्या यांची बेरीज सम यायला हवी. विषम आली तर काहीतरी शोधायचं राहिलंय, पुन्हा वळवा. आणि केसपेपरवर 'गोळी इथून शिरली, इथून बाहेर पडली' असं लिहायचं नाही. ते ठरवणं फॉरेन्सिकवाल्यांचं काम. आपण लिहायचं: जखम कुठे, केवढी, कशी दिसते. जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच.

हे पंधरा वर्षं हाताला इतकं वळण पडलंय की घरी मुलाच्या गुडघ्याला खरचटलं तरी मी आधी दुसरा गुडघा पाहते.

आता त्या चार वर्षांबद्दल. ७ नोव्हेंबर २०१८ ला एनआरएनं, म्हणजे इथल्या बंदूकधारकांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेनं, ट्वीट करून डॉक्टरांना सुनावलं होतं की आपल्या लेनमध्ये राहा, म्हणजे बंदुकांच्या वादात पडू नका. त्याच रात्री कॅलिफोर्नियात थाउजंड ओक्सच्या एका बारमध्ये १२ जण मारले गेले. मग देशभरातल्या सर्जन, नर्स, पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी रक्तानं माखलेल्या स्क्रबचे, बुटांचे फोटो टाकायला सुरुवात केली: ही आमचीच लेन आहे म्हणून. त्यात पुढे होते जोसेफ सक्रान, बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्सचे ट्रॉमा सर्जन. १९९४ मध्ये, १७ वर्षांचे असताना, शाळेच्या फुटबॉल सामन्यानंतर झालेल्या गोळीबारात त्यांच्या गळ्याला गोळी लागली होती. ज्या लोकांनी जीव वाचवला त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून ते या पेशात आले.

मी तेव्हा त्या लहान गावात होते. माझ्याही बुटांचा फोटो काढला. टाकला मात्र नाही. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर होते, वेव्हरची मुदत संपायला महिने उरले होते, आणि गावातला दर दुसरा पेशंट शिकारीच्या टोपीत यायचा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'अगं, तू तिथं पाव्हणी. पाव्हण्यानं घरच्यांच्या भांडणात बोलू नये.' मला ते पटलं. पटवून घेतलं, असंही म्हणता येईल.

२०२२ च्या शरद ऋतूत आमच्याकडे एक किशोरवयीन मुलगा आला. घरातल्या ड्रॉवरमधली पिस्तूल, घरातलंच दुसरं मूल. यापेक्षा जास्त मी इथे लिहू शकत नाही, का ते पुढे येईलच. दोन पेपरक्लिप लावल्या होत्या. बेरीज सम होती, काही शोधायचं राहिलं नव्हतं, आणि तरी उपयोग झाला नाही. त्या दिवशी नातेवाइकांच्या खोलीत सांगायला मी गेले. सांगताना एक नियम असतो: 'गेला', 'सोडून गेला' असं गोलमोल बोलायचं नाही, सरळ 'मृत्यू झाला' म्हणायचं, नाहीतर माणसं आशेला चिकटून राहतात. मी तसंच म्हटलं. त्याच्या आईनं काही वेळानं एकच विचारलं, ती पोलिसांना नव्हे, मलाच विचारत होती: 'मी ते ड्रॉवर बंद केलं होतं. बंद म्हणजे पुरे ना?'

डिसेंबरात एका सहकाऱ्यानं सांगितलं की पुढच्या अधिवेशनात मेरीलँडच्या विधिमंडळात बंदूक घरात कशी ठेवायची याबद्दलचं विधेयक पुन्हा येतंय. मार्च २०१८ मध्ये ग्रेट मिल्स हायस्कूलमध्ये १६ वर्षांच्या एका विद्यार्थिनीला गोळी घालण्यात आली होती, तीही वडिलांची पिस्तूल घेऊन आलेल्या एका मुलाकडून. विधेयकाला तिचंच नाव होतं. आधीचा कायदा असा: १६ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवली तर दंड, आणि तोही फक्त दंडच. नव्यात ते वय १८ होणार होतं आणि तुरुंगवासाची तरतूद येणार होती.

मेरीलँडचं अधिवेशन वर्षातून एकदाच, ९० दिवसांचं. २०२३ मध्ये ते ११ जानेवारीला सुरू होऊन १० एप्रिलला संपणार होतं. म्हणजे ठरवायचं तर लगेच.

पहिलं काम: मालकाला विचारणं. हॉस्पिटलमध्ये सरकारी संबंध पाहणारं एक ऑफिस असतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. ४ जानेवारीला मेल टाकला. उत्तर आलं २७ ला. तेवीस दिवसांत मी तीन स्मरणपत्रं पाठवली, एकदा त्यांच्या दारावर जाऊन आले. परवानगी मिळाली ती अटींसकट: वैयक्तिक मत म्हणून बोलायचं, हॉस्पिटलचं लेटरहेड नाही, लोगो नाही, लोगो शिवलेला पांढरा कोट नाही, रजा स्वतःची. हॉस्पिटलचं नाव ओळखीपुरतं सांगायचं आणि लगेच 'हे माझं मत आहे, संस्थेचं नाही' हे वाक्य जोडायचं. त्या वाक्यालाच सात सेकंद लागतात. मी घड्याळ लावून पाहिलंय. (तुम्ही असं काही करणार असाल तर विधेयक येण्याची वाट न पाहता परवानगी आधीच मागून ठेवा.)

दुसरं काम: व्हिसा. इमिग्रेशन वकिलाकडे अर्ध्या तासाचे ३५० डॉलर मोजले. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं देते. समितीपुढे बोलायला नागरिक असावं लागत नाही. साक्ष देणं, आमदाराला पत्र लिहिणं, हे सगळं चालतं. चालत नाही ते म्हणजे निवडणुकीसाठी पैसे देणं. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसानं कुठल्याही उमेदवाराला देणगी द्यायची नाही, पाच डॉलरचीसुद्धा नाही. एखादी संस्था 'आमच्या लढ्याला हातभार लावा' म्हणत असेल, तर पैसे नक्की कुठे जातात ते पाहायचं. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न उरत नाही. माझी फाइल भारतीयांच्या त्या प्रसिद्ध रांगेत आहे, त्यामुळे मला उरतो.

निघताना वकीलबाईंनी सहज विचारलं, 'तुम्ही बंदूक हाताळत नाही ना?' मी म्हटलं, 'गोळ्या काढते.' त्या हसल्या नाहीत. एच-वनसारख्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं संघराज्याच्या कायद्यानं मना आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन एकदा हातात घेऊन पाहणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. इतकी वर्षं मी या वस्तूचे परिणाम शिवत होते आणि ती वस्तू मला शिवायचीच नव्हती. मला हे ३५० डॉलर दिल्यावर कळलं.

तिसरं काम सगळ्यात जिवावर आलं. पेशंटबद्दल काहीही बोलायचं तर मजकूर कायदा विभागाकडून तपासून घ्यावा लागतो. हिपा म्हणजे पेशंटच्या गोपनीयतेचा कायदा. माझ्या मसुद्यात त्या मुलाचं वय होतं, वार होता, ड्रॉवर स्वयंपाकघरातलं होतं, त्याच्या पायातल्या मोज्यांवर काय छापलं होतं ते होतं. परत आलेल्या कागदावर लाल रेघाच रेघा. वय गेलं. वार गेला. स्वयंपाकघर गेलं. मोजे गेले. मी चिडून फोन केला: 'हे सगळं बातम्यांत आलंय हो, मोजे सोडले तर.' पलीकडून शांत आवाजात उत्तर: 'बातमीदारानं छापलं म्हणून डॉक्टरनं सांगायचं नसतं.' तेव्हा फार राग आला. फोन ठेवून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. पण मग त्याच्या आईचा विचार केला. तिनं ते वाक्य मला विचारलं होतं, समितीला नव्हे. मग मी तिचं वाक्यही स्वतःहून काढलं. इथे मी ते लिहिलंय, एवढ्या बदलानंतर ते कुणाचं हे ओळखता येणार नाही म्हणून. तरी लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले.

असे अकराशेचे सातशे झाले.

उरलेल्यांवर कात्री चालवली ती आमच्या भूलतज्ज्ञानं. हा पश्चिम मेरीलँडच्या डोंगरातला, दर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जाणारा, घरात बंदुकांची तिजोरी असलेला गृहस्थ. बंदूक बाळगणारे सर्जनही या कामात आहेत हे सांगायला हवं. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या सर्जनांच्या संघटनेनं स्वतः बंदूकधारक असलेल्या सर्जनांचाच एक गट बसवून त्यांच्याकडून शिफारशी घेतल्या होत्या, आणि सुरक्षित ठेवणी त्यात होती. माझा मसुदा वाचून हा म्हणाला, 'तिसऱ्या ओळीत तू मॅगझिनला क्लिप म्हटलंयस. अर्धी खोली तिथेच ऐकायचं थांबेल.' मग त्यानं स्वयंपाकघरात नारिंगी प्लास्टिकची, सरावाची नकली पिस्तूल आणून मला शिकवलं. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा काढता येणारा कप्पा, कुठे, चेंबर, म्हणजे झाडायची गोळी बसते ती जागा, कुठे, मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते ती कशी, केबलचं कुलूप कुठून कुठे ओवतात. त्याची बारा वर्षांची मुलगी बाजूला होमवर्क करत होती, मी चुकले की मान वर करून दुरुस्त करत होती.

आकडे त्यानं जवळजवळ सगळे उडवले. '२०२१ मध्ये देशात ४८,८३० माणसं बंदुकीनं मेली हे त्या टेबलामागच्या प्रत्येकाला पाठ आहे. त्यांच्याकडे नाही असं तुझ्याकडे काय आहे?' मी रात्रभर विचार केला. माझ्याकडे होतं ते एवढंच: कोण माझ्यापर्यंत येतं आणि कोण येत नाही. त्या ४८,८३० पैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. गोळीबार म्हटलं की लोकांना रस्त्यावरची टोळकी दिसतात, आणि आमच्या ट्रॉमा बेमध्येही बहुतेक तेच येतात, कारण बंदुकीनं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ वाचत नाहीत, आणि पुष्कळ जण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. औषधाच्या गोळ्या खाणं किंवा बहुतेक इतर मार्ग घेतलेल्यांतले पुष्कळ वाचतात, त्यांना दुसरा दिवस मिळतो. माझ्या बेरजेतली विषम संख्या ही होती. तो परिच्छेद राहिला.

मधेच संक्रांत आली. २१ जानेवारीच्या शनिवारी एकीकडे हळदीकुंकू होतं. तिथे मी बोलता बोलता हे सांगितलं, तर वाणाच्या ताटाभोवती शांतताच पसरली. एक जण म्हणाली, 'तुला काय पडलंय, आपली मुलं का बंदुका घेऊन फिरतात?' विषय बदलला. पण निघताना एका काकूंनी मला चपला घालता घालता गाठलं. काकांचं दारूचं दुकान आहे. दोनदा दरोडा पडल्यावर रीतसर परवाना काढून त्यांनी पिस्तूल घेतलेली. 'पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये असते गं. शनिवार-रविवार नातवंडं येतात. पण ते भरून ठेवत नाहीत, बहुतेक.' त्या 'बहुतेक'वर मी काहीच बोलले नाही. माझ्या पर्समध्ये पोलीस ठाण्यातून आणलेली दोन केबल कुलपं होती, भूलतज्ज्ञानं सरावाला दिलेली. ती फुकट मिळतात, नाव विचारत नाहीत. एक पुढे केलं. 'नको, ह्यांना आवडायचं नाही,' म्हणून त्यांनी ते परत माझ्याच पर्समध्ये कोंबलं, वर तिळगुळाची पुडी.

नावनोंदणीबद्दल. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर 'मायएमजीए' नावाचं खातं उघडायचं. ते आधीच उघडून ठेवा, त्याच दिवशी नको. सुनावणीच्या आधी एका ठरावीक दिवशी ठरावीक तासांपुरतीच नोंदणी उघडते, आणि बंद झाली की झाली. समितीगणिक आणि वर्षागणिक नियम बदलतात, साक्षीदारांसाठीची सूचनापत्रिका वाचाच. मी त्या दिवशी ओटीत होते. पासवर्ड नवऱ्याला देऊन ठेवला होता. त्यानं नोंदणी केली, पण तोंडी की लेखी विचारलं तिथे फक्त 'लेखी' निवडलं. दोन केसच्या मधे मी पाहिलं म्हणून बरं, 'दोन्ही' केलं. भूमिकेचे पर्याय चार: बाजूनं, दुरुस्त्यांसह बाजूनं, विरोधात, किंवा नुसती माहिती. लेखी साक्ष पीडीएफ करून चढवायची. फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना कुठेच नव्हता. चार वर्षं ज्याची धास्ती घेतली तो रकानाच नव्हता.

लेखी साक्षीला लांबीचं फारसं बंधन नाही. आकडे, अभ्यास, सगळं तिथे घाला. तोंडी तेवढंच ठेवा जे कागदावर सांगता येत नाही.

सुनावणीच्या दिवशी ॲनापोलिसला, मेरीलँडच्या राजधानीत, साडेअकरालाच पोचले. बाल्टिमोरपासून पाऊण तास. रजेचा एक दिवस, आणि कॉल बदलून घेतल्याचे दोन शनिवार अंगावर. गाव लहान, टुमदार, रस्ते अरुंद, पार्किंगचे सोळा डॉलर. वेळ होता म्हणून स्टेट हाउसात, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, डोकावले. वॉशिंग्टननं १७८३ च्या डिसेंबरात सेनापतिपदाचा राजीनामा दिला तो याच इमारतीत. जिंकलेला सेनापती लोकांच्या सभेपुढे उभं राहून अधिकार परत करतो, ती खोली पाहिली. माझ्या पोटात गोळा होता, पण खोली छान आहे.

सुनावणी दुपारी एकची. याचा अर्थ एक वाजता तुमचा नंबर लागतो असा नाही. त्या दिवशी आमच्याआधी तीन विधेयकं होती. खुर्च्या भरल्या, लोक भिंतीला टेकले. सोबत पाणी, खायला काहीतरी आणि चार्जर न्या. मी आणलेल्या दशम्या आणि शेंगाचटणी चार वाजता कॉरिडॉरमध्ये उभ्यानं खाल्ली. शेजारी बंदूकधारकांच्या संघटनेची टोपी घातलेला साठीचा माणूस होता, विरोधात बोलायला आलेला. त्यानं वासानं विचारलं काय आहे, मी एक दशमी दिली. त्याची मुलगी नर्सिंग शिकत होती. रात्रपाळीत झोप कशी सांभाळायची यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. विधेयकाबद्दल एक अक्षर नाही.

पावणेसहाला पुकारा झाला. आम्हा चौघांना एकदम टेबलाशी बोलावलं. मी तीन मिनिटं धरून तयारी केली होती. अध्यक्षांनी जाहीर केलं: उशीर झालाय, प्रत्येकी दोन. समोर दिव्यांचं घड्याळ. सातशेवरून मी चारशेपर्यंत आले होते, आता बसल्या जागी पेननं खोडत गेले. सात सेकंदांचं ते वाक्य खोडता येत नव्हतं. आकड्यांचं उरलंसुरलं गेलं, माझ्या अनुभवाची वर्षं गेली, 'मी भारतातून आले' हे गेलं. राहिला तो मुलगा, 'एक किशोरवयीन', दोन पेपरक्लिपांसकट, आणि न पोचणाऱ्यांचा परिच्छेद. आवाज पहिल्या वाक्याला कापला, नंतर लागला. टेबलाखाली डाव्या हातानं मी उजव्या हाताची नाडी पाहत होते. मुद्दाम नव्हे, सवयीनं.

मग प्रश्न. विरोधी बाजूच्या एका सदस्यानं विचारलं, अगदी सौम्यपणे: 'डॉक्टर, हा कायदा आधी असता तर तो मुलगा वाचला असता?'

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. 'हो' म्हणायचा मोह काय असतो ते तिथे कळलं. मागे बसलेली अर्धी खोली त्या 'हो'ची वाट पाहत होती. मी म्हटलं, 'मला माहीत नाही. मी त्याला पाहिलं ते जखमेपासून पुढे. त्या आधीचं मी पाहिलेलं नाही. पाहिलं ते असं की ड्रॉवर उघडं होतं की बंद, याचा मला काही उपयोग नव्हता. कुलूप असतं तर माझी गरज लागली असती का, एवढंच मी सांगू शकत नाही, आणि तेवढंच मला हवं होतं.' शेवटचं वाक्य व्याकरणात गडबडलं. सदस्य 'थँक यू' म्हणाले. आम्ही उठलो.

कॉरिडॉरमध्ये आल्यावर वाटलं, गेलं सगळं पाण्यात. घालवलं आपण. आमच्या बाजूचे साक्षीदार जमवणाऱ्या आयोजकांपैकी एका बाईंचा चेहराही तसाच होता, त्या नंतर दोन दिवस फोनला लागल्या नाहीत. भूलतज्ज्ञाला मेसेज केला, तर उत्तर: 'शिरली की बाहेर पडली ते लिहायचं नसतं. बरोबर केलंस.' बस, तेवढंच.

पुढचे दोन महिने म्हणजे संकेतस्थळावर विधेयकाचं पान उघडून बघणं. समितीचा अहवाल, दुसरं वाचन, तिसरं वाचन, दुसऱ्या सभागृहात रवानगी, दुरुस्त्या, पुन्हा मागे. पीएनआर स्टेटस बघावं तसं मी ते दिवसातून चारदा बघायचे. १० एप्रिलच्या मध्यरात्री अधिवेशन संपतं, त्याला इथे 'साइनी डाय' म्हणतात, आणि तोवर मंजूर न झालेलं सगळं मरतं. हे मेलं नाही. १६ मे ला गव्हर्नर वेस मूर यांनी त्यावर सही केली. मी त्या दुपारी ओटीत होते, बातमी दुसऱ्या दिवशी वाचली. माझ्या दोन मिनिटांनी त्यात काय भर पडली हे सांगता येणार नाही. शेकडो लोक बोलले होते, काही जण पाच वर्षं बोलत होते. आईला कळवलं तर तिनं आधी विचारलं, 'म्हणजे परत पाठवत नाहीत ना तुला?'

खर्च मांडायचा तर: वकील ३५०, पार्किंग १६, पेट्रोल, दोन शनिवार. पहिल्या मेलपासून सहीपर्यंत साडेचार महिने.

कायदा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. ३ तारखेला संध्याकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल आला. मागून काकांचा आवाज, 'तिला कशाला त्रास देतेस?' काकू म्हणाल्या, 'मुलीनं कुठंतरी वाचलं, म्हणाली, बाबांनी कुलूप लावलं नाही तर मी मुलांना पाठवणार नाही. पोलिसांकडून आणलंय ते. पण ही दोरी कुठून घालायची?' मी काकांना फोन द्यायला सांगितलं. नळीचं तोंड भिंतीकडे करा. मॅगझिन काढा. आता स्लाइड मागे ओढा. चेंबरमध्ये बोट घालून बघा, नुसतं डोळ्यांनी नको. काका म्हणाले, 'रिकामीच असते गं,' आणि मग जरा वेळानं, 'अरे.' पलंगावर काहीतरी छोटंसं, पितळी पडल्याचा आवाज झाला. कुणी काही बोललं नाही. मग केबल वरच्या खिडकीतून आत, मुठीतून खाली बाहेर, आणि कुलूप. दुसऱ्या खेपेला जमलं.

'किल्ली?' काकांनी विचारलं.

'ती माझ्या छल्ल्यात राहू दे,' काकू म्हणाल्या, 'कपाटाच्या किल्ल्यांबरोबर.' मग फोन जवळ धरून हळूच, 'अगं, दुकानातल्यालाही एक लागेल. तुझ्याकडे आहे ना?'

पर्स पाहिली. तिळगुळाची पुडी अजून तळाशी होती. दोन्ही कुलपं दुसऱ्या दिवशी पोस्टानं पाठवली.